चुकेल त्याने परत यायचं

सासूबाईंना पुढच्या रांगेत बसवायला नको होतं, हे भिंगाला जरा उशिराच सुचलं. सायकलच्या दुकानावरच्या त्या लांबट हॉलमध्ये तीसेक खुर्च्या मांडल्या होत्या, आणि नेमक्या मधल्या खुर्चीत, पर्स मांडीवर घेऊन, सासूबाई ऐसपैस बसल्या होत्या. जावयाचा कार्यक्रम, त्यात बास वाजवणारा पोटचा मुलगा. त्या मागे कशाला बसतील?

भिंग हे काही त्याचं खरं नाव नव्हे. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या माणसाला शाळासोबत्यांनी दुसरं काय म्हणायचं? ड्रम वाजवणारी मैत्रीण दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची, म्हणून ती बत्तिशी. आणि लिफ्ट दुरुस्त करायला इमारतींच्या तळाशी उतरणारा, बासगिटारचे खालचे सूर सांभाळणारा, तो तळमजला. पुढे भिंगाने तळमजल्याच्या बहिणीशी लग्न केलं. तेव्हापासून तळमजला त्याला भर रस्त्यात 'दाजी' म्हणून हाक मारतो आणि वर अरे-तुरेही करतो.

तिघं मिळून जे वाजवायचे त्याला मॅथ रॉक म्हणतात. ते म्हणजे काय, हे सासूबाईंना समजावताना तिघांच्याही तोंडाला फेस आला होता. साधं गाणं चार-चार मात्रांनी चालतं, त्यावर पाय आपोआप हलतो. यांचं गाणं सातांनी चालतं, मध्येच पाचांवर जातं, अकरांची एक गिरकी घेतं आणि पुन्हा सातांवर येतं. पायाने ताल धरणाऱ्याची फजिती ठरलेली. "म्हणजे अडखळत चालणारं गाणं," सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि याहून चांगलं वर्णन त्या तिघांना अजून सुचलेलं नाही.

अशा वाजवण्यात एक जण एका मात्रेने जरी घसरला तरी सगळा डोलारा कोसळतो. म्हणून बत्तिशीने अगदी सुरुवातीलाच नियम घालून दिला होता. चुकेल त्याने परत यायचं, बाकीच्यांनी थांबायचं नाही. या बाबतीत ती कुणाची भीडभाड ठेवत नसे. एकदा तळमजल्याला वाजवता वाजवता शिंकांची उबळ आली, तरी ही आपली वाजवतेच आहे. एकदा वीज गेली, दोघांच्या गिटारी मुक्या झाल्या, तर अंधारात एकटीने गाणं पूर्ण करून ही बया विचारते, "तुम्ही कुठे होतात?"

गेल्या वर्षी दुकानाचं शटर भिंगाच्या, गिटारच्या तारा दाबणाऱ्या डाव्या हातावर आलं आणि दोन बोटं मोडली. हाडं जुळली, पण बोटं पूर्वीसारखी वाकेनात. त्यानंतरच्या आठ महिन्यांत या दोघांनी जे केलं, ते आठवलं की भिंगाला भरून यायचं. तळमजला जेवणाच्या सुट्टीत उपाशी पळत येऊन त्याला बोटांच्या व्यायामाला न्यायचा. बत्तिशीने कवळीच्या मसाल्यातून त्याच्या बोटाला आधार घडवून दिला. माप तंतोतंत, रंग मात्र हिरड्यांचा. "आता याला दात कधी येणार?" असं बायको येता-जाता विचारायची. कार्यक्रमांची बोलावणी आली, ती दोघांनी परस्पर नाकारली. चांगल्या तयारीचा एक गिटारवाला स्वतःहून विचारायला आला होता, त्यालाही चहा पाजून वाटेला लावलं. हे भिंगाला सासूबाईंकडून कळलं. दोघांनी त्याला चकार शब्द सांगितला नव्हता.

कृतज्ञता मोठी गोड गोष्ट असते, पण इतके महिने साठत राहिली की माणूस तिच्याखाली वाकतो. आपल्यापायी हे दोघं अडकून पडलेत, हे भिंगाच्या डोक्यात घर करून बसलं होतं. दुखण्यानंतरचा हा पहिलाच कार्यक्रम. दुपारी सामान लावताना त्याने विषय काढलाच.

"आज मी चुकलो, तर मी बाजूला होणार. तुम्ही त्या गिटारवाल्याला बोलवा. अगदी मनापासून सांगतोय."

तळमजला केबलचा गुंता सोडवत होता. "दाजी, तोंड बंद कर आणि ती पेटी उचल."

"हो की नाही ते सांग आधी."

"नियम माहीत आहे ना?" बत्तिशीने झांजेचा स्क्रू आवळता आवळता विचारलं. "चुकलास तर परत ये. निघून जायचं असं नियमात कुठेही नाही."

भिंगाने पेटी उचलली. पण मनाशी त्याने पक्कं ठरवलं होतं, आज जमलं नाही तर गिटार घरी खुंटीला टांगायची आणि या दोघांना मोकळं करायचं.

पहिली दोन गाणी छान झाली. इतकी छान, की तो मध्येच हसला. तिसऱ्यात सातांचा लांब पल्ला होता. तिथे करंगळीशेजारचं बोट तारेवर पोचायला कचरलं आणि भिंग एका मात्रेने मागे पडला.

संपलं सगळं, असं वाटलं, तरी हात सवयीने नियम पाळू लागले. एक मात्रा गिळायची आणि पुढे गेलेल्या दोघांना गाठायचं. त्याने मात्रा गिळली, पुढे उडी मारली, आणि पाहतो तर तिथे कुणीच नाही! आता तोच एका मात्रेने पुढे गेला होता.

मोजताना आपलीच गडबड झाली असेल, म्हणून तो एक मात्रा थांबला. तेवढ्यात ते दोघं पुढे सरकले. अरुंद बोळात समोरासमोर आलेली माणसं वाट द्यायला जातात आणि पुन्हा पुन्हा एकाच बाजूला सरकतात ना, तसं चाललं होतं. भिंगाने मान वळवून मागे पाहिलं. वीज गेली तरी न थांबणारी बत्तिशी काठी अधांतरी धरून, डोळे त्याच्या बोटांवर लावून, त्याच्यासाठी थांबली होती. तळमजलाही त्याच्याच हाताकडे बघत होता. एकमेकांना न विचारता दोघांनीही नियम मोडला होता.

ते पाहून भिंग उरलंसुरलं मोजणंही विसरला. तिघं तीन दिशांना गेले आणि गाणं धाडकन बंद पडलं.

मग मधल्या खुर्चीतून टाळ्या वाजल्या. "वा, जावईबापू! हे संपतं कसं, ते आज कळलं मला," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या.

भिंगाचे कान लाल झाले. तो गळ्यातला पट्टा काढायला लागला. "मी चुकलो," तो दोघांना म्हणाला. "दुपारीच सांगितलं होतं मी."

"पट्टा राहू दे," बत्तिशी म्हणाली. "चूक माझी आहे. मी थांबले."

"मीपण थांबलो," तळमजला म्हणाला. "हिच्याआधी."

"आधी कुठला? माझ्याबरोबर थांबलास तू."

"अरे, पण आपल्यात थांबायचं नसतं ना!" भिंग जवळजवळ ओरडलाच.

"आठ महिने थांबलो आम्ही," बत्तिशी म्हणाली. "आता एका मात्रेचं काय घेऊन बसलास?"

भिंगाचा पट्ट्यावरचा हात खाली आला. हे दोघं त्याच्यापायी अडकून वगैरे पडलेले नव्हते. त्यांना दुसऱ्या कुणाबरोबर वाजवायचंच नव्हतं. इतकी साधी गोष्ट, आणि ती त्याच्या डोक्यात शिरायला भर कार्यक्रमात गाणं बंद पडावं लागलं. डोळे भरून आले, चष्म्यातून समोरच्या खुर्च्या धूसर दिसायला लागल्या. असे मित्र आपल्या वाट्याला यावेत असं आपण काय केलंय, हे काही त्याला सांगता आलं नसतं.

"थँक्यू," तो म्हणाला.

"रडायला लागलास तर काठी फेकून मारीन," बत्तिशी म्हणाली. तिचेही डोळे काही कोरडे नव्हते. "पहिल्यापासून. चल."

गाणं पहिल्यापासून सुरू झालं. सातांचा पल्ला आला, तेच बोट त्याच जागी पुन्हा कचरलं, आणि भिंग पुन्हा एका मात्रेने मागे पडला. या वेळी तो धावला नाही. जिथे होता तिथूनच, आपले सात मोजत, शांतपणे वाजवत राहिला. आणि ते दोघं येऊन त्याला मिळाले.