चौथा बुडबुडा

मित्रांनो, पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना मुकटीच्या पुढे, महामार्गाच्या कडेच्या छोट्या रस्त्यावर, पत्र्याची एक बंद टपरी लागते. तिच्यासमोर बाभळीच्या बुंध्याला टेकून मी पडलेली असते. मी एक जुनी लोखंडी कढई आहे आणि मला एकच कान उरला आहे. माझ्याजवळ आता कोणी थांबत नाही. तुम्ही थांबलाच आहात, तर एक गोष्ट ऐकून जा. ती मी फार दिवस पोटात ठेवली आहे.

माझा जन्म चाळीसगावच्या एका लोहाराच्या भात्यासमोर झाला. त्याने मला इतकी मोठी घडवली की उचलायला दोन माणसे लागत. नथ्थूबाबा नावाच्या आचाऱ्याने मला विकत घेतले आणि माझे सुखाचे दिवस सुरू झाले. गावोगावच्या पंगतींत माझ्यात वांग्याची भाजी घोटली जाई. चुलवणाची आग तळाला लागली की मला जाग आल्यासारखे वाटे. पंगत उठताना लोक म्हणत, "भाजी काय झाली होती!" ते कौतुक नथ्थूबाबाचे असे, पण मी त्यातला थोडा वाटा गुपचूप उचलून घेई.

एका लग्नात मला भाजीसकट चुलीवरून उतरवताना माझा डावा कान तुटला. कोणाला भाजले नाही. भाजी मात्र मातीत गेली. त्या दिवसापासून नथ्थूबाबाने मला विस्तवावर चढवले नाही. एककानी कढईचा भरवसा कोण धरणार? मी भंगारात गेले आणि तिथून मला भिकनने आणले.

भिकन पंक्चर काढणारा होता. त्याला माझा तुटका कान दिसलाच नाही. त्याने फक्त माझे पोट पाहिले. त्यात पाणी ओतून तो म्हणाला, "हाई काम करी." आणि मी कामाला लागले. आगीतून निघून पाण्यात आले.

काम सोपे होते. चाकातली ट्यूब काढायची, हवा भरायची आणि माझ्या पाण्यात फिरवायची. जिथे छिद्र असेल तिथून बुडबुड्यांची बारीक माळ वर येते. तिथे खूण करायची, कानस घासायची, ठिगळ लावायचे. भिकनची एक रीत होती. ट्यूब तो गिऱ्हाइकाच्या हातात देई आणि म्हणे, "तुम्हीच बुडवा, तुम्हीच देखा." माझे पाणी तो रोज सकाळी बदली. तळाशी पडलेला खिळासुद्धा दिसेल इतके ते स्वच्छ असे. आणि ठिगळ लावून झाले की ट्यूब पुन्हा एकदा पाण्यात जाई. तिला तो शेवटची बुडी म्हणे. त्या बुडीत एकही बुडबुडा आला नाही, तरच ट्यूब चाकात परत जाई.

मग महामार्ग रुंद झाला. वाहने उंचावरून, दूरवरून, न थांबता जाऊ लागली. भिकन दिवसभर बाकड्यावर बसून त्यांच्याकडे पाहत राही. एके दिवशी पलीकडच्या गावचा एक दुकानदार त्याच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलून गेला. दुसऱ्या दिवशी भिकनने माझे पाणी बदलले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटले, आळस असेल. आठवडाभरात पाणी ग्रीससारखे काळे झाले आणि मग मला कळले की हा आळस नव्हता. त्या काळ्या पाण्याखाली भिकनच्या दोन बोटांमध्ये दाभणाचे तोडलेले टोक होते. गिऱ्हाईक वरून बुडबुडे पाहत असे. खालून हात मला एकटीलाच दिसत असे.

एका छिद्राची तीन होत, तिनाची पाच. पैसे त्या हिशेबाने वाढत. ट्यूब आता गिऱ्हाइकाच्या हातात जात नसे. मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते पाणी धरण्यापुरते. मी काही बोलू शकले नाही.

एका सकाळी, नुकते उजाडत असताना, सुपडूनाना नावाचे एक वृद्ध गृहस्थ मोटारसायकल ढकलत आले. मागे त्यांची मुलगी मेघा चालत होती. तिच्या पाठीवर कागदपत्रांची पिशवी होती आणि पायांत धावण्याचे जुने बूट.

"भाऊ, बिगी बिगी करी दे," सुपडूनाना म्हणाले. "आंडेरले, मन्ही पोरले, धुयाले लई जानं शे. पोलीस भरती शे तिनी. सात वाजता दरवाजा बंद व्हई जास."

"भरतीच्या वयाचं माझं हे शेवटचं वर्ष आहे," मेघा म्हणाली. ती शाळेची भाषा बोलत होती, पण आवाज वडिलांसारखाच मऊ होता. "आठशे मीटर मी तीन मिनिटांच्या आत धावते, भाऊ. फक्त वेळेवर पोहोचायला हवं."

भिकनने चाक खोलले. टायरमधून एक खिळा निघाला. ट्यूब माझ्या पाण्यात आली आणि त्या खिळ्याचा बुडबुडा वर गेला. एक. मग भिकनची बोटे पाण्याखाली सरकली. दोन. तीन. चार.

"नाना, चार पंचर शेतस."

"खिया तं एकच निंघना ना भाऊ."

"खिया एकच, पन त्यानं फिरीफिरी चावा लिधा," भिकन हसला. "रस्ता काय मी बनाडेल शे का?"

सुपडूनानाही कसेबसे हसले. मेघा हसली नाही. ती घड्याळ पाहत होती. भिकनने एक ठिगळ लावले, दुसरे लावले, तिसरे लावले. तेवढ्यात समोर एक ट्रक थांबला आणि चालक हवा भरण्यासाठी हाका मारू लागला. भिकन उठून त्याच्याकडे गेला. परत आला तेव्हा चौथे ठिगळ तो विसरला होता; त्याचा हात थेट टायरकडे वळला.

मी वाट पाहत होते. शेवटची बुडी झाली असती तर चौथा बुडबुडा त्याला दिसला असता. पण काळ्या पाण्यात पुन्हा ट्यूब फिरवायची तर मुलीच्या नजरेसमोर फिरवावी लागली असती, आणि ती नजर आता पाण्यावरच होती. त्याने ट्यूब कोरडीच आत सारली. तीन ठिगळे आणि एक उघडे छिद्र. चारांचे पैसे मोजून घेताना तो मेघाला म्हणाला, "पोलीस व्हयनी का माले इसरू नको बरं, बेटा."

गाडी धुळ्याच्या दिशेने गेली. त्यानंतर दुपारपर्यंत माझ्या पाण्यावर एकही तरंग आला नाही, असे मला आठवते. कदाचित आला असेल. मी त्या चौथ्या छिद्रापलीकडे काही पाहत नव्हते.

दुपारी दोघे गाडी ढकलत परत आले. मागचे चाक पुन्हा बसले होते. भिकन बाकड्यावरून उठला आणि उभाच राहिला.

जे घडले ते सुपडूनानांनी सांगितले. फागण्याच्या पुढे हवा गेली होती. रिक्षा मिळाली नाही, हात दाखवून एकही गाडी थांबली नाही. तेव्हा मेघा पिशवी घट्ट बांधून धावत सुटली होती. पाच-सहा किलोमीटर. दरवाजा बंद होण्यापूर्वी ती पोहोचली. आणि मग तिला आठशे मीटर धावायचे होते.

"शेवटच्या वळणावर पाय उचललेच नाहीत," मेघा म्हणाली. तिने हे अशा स्वरात सांगितले, जणू दुसऱ्या कोणाची हकीकत असावी. मग ती माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या एका कानाला धरून तिने मला कलती केली आणि सगळे काळे पाणी जमिनीवर सोडून दिले. हाताने माझा तळ घासला. टपरीतल्या कॅनमधले स्वच्छ पाणी ओतले. कित्येक महिन्यांनी मला आकाश दिसले.

भिकनने ट्यूब काढून हवा भरली आणि तिच्या हातात दिली. तिने ती स्वतः बुडवली. खिळ्याचे ठिगळ एकीकडे होते. दुसरीकडे दोन ठिगळे, आणि त्यांच्याच ओळीत, बोटभर अंतरावर, बुडबुड्यांची एक बारीक माळ. मेघाने त्या जागेवर बोट ठेवले. माळ थांबली. बोट उचलले. माळ पुन्हा सुरू झाली.

"भाऊ, खिळा एकच होता ना?"

भिकनने ठिगळांचा डबा उघडला.

"रस्त्याला इतकी सरळ ओळ मारता येत नाही," ती हळूच म्हणाली.

भिकनने चौथे ठिगळ लावले, शेवटची बुडी दिली आणि खिशातून सकाळचे पैसे काढून पुढे केले. सुपडूनानांनी त्याचा हात बाजूला सारला.

"पैसा राहू दे. टूबमा हवा भरस, तसा तिना दम भरी देशी का?"

ते गेले. दाभणाचे टोक भिकनने त्याच संध्याकाळी फेकून दिले. दुसऱ्या दिवसापासून माझे पाणी पुन्हा रोज बदलू लागले. पण गोष्ट इथे संपली नाही, मित्रांनो. आता तो प्रत्येक ट्यूबला शेवटची बुडी देई, मग आणखी एक, मग आणखी एक. निर्मळ पाण्याकडे बोट दाखवून म्हणे, "देखा, अजून एक शे." गिऱ्हाईक वाकून पाही. पाण्यात काहीच नसे.

"कोठे शे बुडबुडा? लुबाडाना धंदा शे तुन्हा," एक जण सर्वांसमोर म्हणाला. तेव्हा भिकन खोटे बोलत नव्हता. त्याला तो खरोखर दिसत होता. लोक यायचे थांबले आणि एके दिवशी त्याने टपरीला कुलूप लावले. जाताना तो माझ्या पाण्यात पाहत कितीतरी वेळ उभा होता.

म्हणून मी तुम्हाला विनवते, मित्रांनो. वाटेत चाक बसले तर घाई असली तरी दर आधी विचारा. खिळा आपल्या हातात घ्या आणि छिद्र त्याच्याशी जुळते का ते पाहा. पाणी गढूळ असेल तर आधी ते बदलून मागा. यात कोणाचा अपमान होत नाही. ट्यूब आपल्या हाताने बुडवा आणि शेवटची बुडी झाल्याशिवाय जागचे हलू नका. आणि पुढे कधी तुमच्याच हातात कोणाची ट्यूब आली, तर ज्याला वाटेवर सोडणार आहात, तो कुठे निघाला आहे हे एकदा विचारा.

माझ्यात आता कोणी पाणी भरत नाही. पावसाचे साचते ते साचते. तळाशी गाळ बसला आहे आणि दुपारी ऊन तापले की त्यातून बुडबुडे सुटतात. ट्यूब नाही, हात नाही, तरी ते येतात. मी मोजते. एक. दोन. तीन.

मग मी वाट पाहते.