माझी करकर आणि यांचं भूत

मी दरवाजा बोलतोय. दचकलात? म्हणजे तुम्ही तो ट्रेलर बघितलाय. ज्या करकरीला तुम्ही उशी तोंडावर धरलीत ना, ती माझी. भुताची नाही. भुताला कुठून आली बिजागरी?

मी काही शिकलेला नाही. उघडायचं आणि मिटायचं, एवढंच येतं मला. पण उंबऱ्यावर उभं राहून माणसं पुष्कळ बघितली. तेवढ्यावर बोलतो. पटलं तर घ्या.

उलव्याच्या बाजूला खाडीकाठी एक गाव होतं, तिथला मी. सिताराम नावाचा माणूस खाडीत मासे धरायचा. लग्न ठरलं तेव्हा त्याने चार खोल्यांचं घर बांधलं आणि मला करून घेतलं. सुतार घाईतला. वरची बिजागरी त्याने वाकडी ठोकली. तेव्हापासून मी उघडताना अर्ध्यावर अडकतो, उचकी लागल्यासारखा, आणि मग सुटतो. कर्र, खट, कर्र. सिताराम तेलाची वाटी घेऊन आला, तर त्याची नवी बायको भागीरथी आडवी उभी राहिली.

"तेल नको घालूस रं. याचे आवाजाव मना समजतं कोन आला ते."

आणि तिला खरंच समजायचं. सितारामच्या दोन्ही हातांत जाळं आणि टोपली, म्हणून तो मला खांद्याने ढकलायचा. त्याची करकर आखूड. पोरगा शिवा लाथ घालायचा. चुलीकडून मान न वळवता ती ओरडायची, "शिवा, पाय धू आधी!" पुढे शिवाची बायको सुचिता आली. नवी नवरी, लाजत लाजत मला हळू उघडायची. भागीरथी हसायची. "गो, चोरासारखी काय येतंस? आपलाच घर हाय."

भीती म्हणाल तर मी एकदाच बघितली. सिताराम खाडीत गेला आणि वारा फिरला. इतरांच्या होड्या आल्या. भागीरथी माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली. कुठे ढोल वाजला नाही, कोणी किंकाळी फोडली नाही. तिला भीती माझ्या करकरीची नव्हती. मी करकरत नव्हतो, त्याची होती. पुढे होडी सापडली. सिताराम नाही.

मग विमानतळ आला आणि गाव उठलं. शिवाने उलव्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि कौलं, वासे, मी, सगळं भंगारवाल्याला दिलं. भागीरथी म्हणाली, "दरवाजा तरी ठेव रं." तो म्हणाला, "आये, तिथं मस्त पॉलिशचा दरवाजा हाय. ह्यो कुठं लावू, डोक्याव?"

मी टेम्पोत चढलो.

भंगारवाल्याकडून मला जुईनगरच्या रूपेशने नेलं. हा रूपेश पिक्चरच्या ट्रेलरला आवाज पुरवतो. एक गाळा, भिंतींना गाद्या चिकटवलेल्या, आणि मध्ये लाकडी चौकटीत मी, एकटा. मागे घर नाही, पुढे अंगण नाही. असा दरवाजा कधी बघितलात?

तिथे मला कळलं, तुमची भीती कशी शिजते ते. रूपेश काकडी मोडतो, पडद्यावर माणसाची मान मोडते. ओला टॉवेल फरशीवर आपटतो, प्रेत पडतं. त्याला सर्दी झाली की दोन ट्रेलर होतात, कारण चेटकिणीचा श्वास म्हणजे याचं चोंदलेलं नाक. आणि तुम्ही काय म्हणता? बाप रे, अंगावर काटा आला!

ट्रेलरची तऱ्हा ठरलेली. आधी हसरं कुटुंब, नव्या घरात खोकी उतरवतंय. त्यांना घर स्वस्तात कसं मिळालं, हे कुणी विचारत नाही. मग लहान मुलीचं गाणं, हळू केलेलं. मग सगळा आवाज बंद. इथेच खरी लबाडी. आवाज बंद झाला की माणूस कान टवकारतो, आपणहून पुढे सरकतो. तेवढ्यात मी. हळू. अगदी हळू. दारामागे काय आहे ते दाखवायचं नाही, नुसता काळोख. कारण दाखवलं तर तोंडाला पीठ फासलेली बाई दिसते आणि लोक हसतात. परत शांत. तुम्ही श्वास सोडलात की धडाम्! तुम्ही उडता. अहो, कानाशी पत्रा आपटला तर म्हैसही उडते. पण म्हैस त्यासाठी तिकीट काढत नाही.

एक निर्माता यायचा. खुर्चीत पसरून म्हणायचा, "रूपेश, डर कम लग रहा है. थोडा और डाल." आमटीत मीठ घाल म्हणावं तसं. ट्रेलर आला की लोक खाली लिहायचे, झोप उडाली, जेवण जाईना. आणि लगेच विचारायचे, पिक्चर कधी लागतोय? झोप उडाली तर डॉक्टरकडे जा ना! दिवसभर साहेबाला घाबरता, बायकोला घाबरता, लिफ्ट अडकली तर घाबरता, तेवढ्याने पोट भरत नाही तुमचं.

एकदा रूपेशच्या एका हातात माईक, दुसऱ्यात वायरचं भेंडोळं. त्याने मला खांद्याने ढकललं. कर्र, खट, कर्र. आखूड. तो नाचायलाच लागला. "हे! हेच शेवटी टाकायचं!" मला मात्र सिताराम आठवला. किती वर्षांनी कुणी खांदा लावला होता.

तोच ट्रेलर गाजला.

आणि काही दिवसांनी गाळ्यात तीन माणसं आली. शिवा, सुचिता आणि मागे काठी टेकत भागीरथी. सुचिताने भंगारवाल्याला शोधून पत्ता काढला होता.

"दादा, तुमच्याकडं आमचा दरवाजा हाय," सुचिता रूपेशला म्हणाली. "मी मोबाईलवर ट्रेलर बघत होते. शेवटी दरवाजा वाजला, मी घाबरून मोबाईल फेकला. आई उठल्या, ताट घेतलं नि भात वाढला. म्हणाल्या, तुझा सासरा आयला."

"मी म्हटलं, आयेचं डोकं फिरलं," शिवा म्हणाला. "उद्या डॉक्टरची अपॉइंटमेंट हाय. डोक्याच्या. ही ऐकत नाय. बोलली, आधी दरवाजा बघू."

"डोका फिरला असंल तर तुझा," भागीरथी म्हणाली. "मी दरवाजा वलखला. तू आयशीला वलख."

म्हणजे बघा. सगळा देश ज्या आवाजाला किंचाळला, त्याला एका बाईने भात वाढला. आणि वेडी कोण, तर ती!

ती माझ्यासमोर आली. वरच्या फळीवर हात फिरवला, वाकडी बिजागरी चाचपली आणि मला खांदा लावला. कर्र, खट, कर्र. शिवाने मान खाली घातली. हाच आवाज त्याने लहानपणी रोज ऐकला होता. इतका वेळ ओळखू आला नव्हता त्याला, शहाण्याला.

रूपेशचे मात्र डोळे चमकले. "आजी, एकदा अजून. पण हळू उघडा. हळू उघडलं की माणूस घाबरतो."

"हलू चोर उघरतं बाला," ती म्हणाली. "घरचा मानूस कशाला हलू येईल?"

रूपेश हसला. म्हणाला, "घेऊन जा आजी. आवाज कॉम्प्युटरमध्ये आहे. हा नुसती जागा अडवतो." ऐकलंत? गळा काढून घेतला आणि धड परत केलं. हा यांचा धंदा.

डॉक्टरची वेळ शिवाने रद्द केली. सुताराने मला खालून कापलं आणि फ्लॅटच्या चौकटीत बसवलं. बाहेर लोखंडी जाळी, आत मी. बिजागरी तीच, वाकडी. भागीरथी पुन्हा स्वयंपाकघरातून ओरडू लागली.

पण सोसायटीतल्या लोकांनी ट्रेलर बघितलेला! मी करकरलो की समोरच्या ब्लॉकमधली पोरं किंचाळायची. लिफ्ट माझ्याशेजारी, म्हणून एक बाई जिन्याने जायला लागली. शेवटी शिवा कामावरून घरी येत असताना सेक्रेटरी तेलाची बाटली घेऊनच आला. "शिवाभाऊ, लोकांना टेन्शन येतंय हो. दोन थेंब टाका, विषय संपला."

शिवाने बाटली घेतली. सोसायटीत राहायचं, वाकड्यात कोण शिरणार? सेक्रेटरी तिथेच उभा. तेल वरच्या बिजागरीत घालायचं म्हणून शिवाने जाळी उघडली आणि मला आत ढकललं. हातात बाटली आणि झाकण, म्हणून खांद्याने.

कर्र, खट, कर्र.

आत भांडी वाजायची थांबली. मग भागीरथीचा आवाज आला, "शिवा! बापासारखा खांदा नको मारूस रं, माझा जीव जातं. ये, जेवाला बस."

तिने वळूनही बघितलं नव्हतं.

शिवा बाटलीकडे बघत राहिला. मग झाकण घट्ट लावलं आणि ती सेक्रेटरीच्या हातात परत दिली. "राहू दे," म्हणाला. "आये घाबरंल."

"आवाजाला?" सेक्रेटरीने विचारलं.

"नाय. आवाज नाय आला तर."

सेक्रेटरीला काही कळलं नाही. त्याला कळणारही नाही, त्याने ट्रेलर बघितलाय.

आता मी इथेच आहे. पुढच्या मीटिंगमध्ये माझा विषय आहे म्हणे. असू दे. तुम्ही चौथ्या मजल्यावर आलात आणि मी करकरलो, तर माझी एवढीच विनंती आहे. किंचाळू नका. कुणीतरी घरी आलंय.