सहा मांजरं आणि ताटातल्या पिसवा

हॉस्पिटलच्या मेट्रनबाई आरशासमोर उभ्या होत्या आणि शिवणकाम करणारी ती त्यांच्या खांद्याला मापाची टेप लावत होती. बाई मध्येच वाकल्या, घोट्यावरून काहीतरी चिमटीत पकडलं, उजेडाकडे धरून बघितलं आणि दोन नखांमध्ये चिरडलं.

"पिसू आहे," त्या म्हणाल्या. आवाज जराही चढलेला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

बाई तिनं नमुन्यादाखल शिवलेला कोट अंगावर घालून बघायला आल्या होत्या. कोट नीट बसला होता, म्हणून नर्सिंगच्या नव्या मुलींचे चाळीस गणवेश तिच्याकडे येणार होते. इतकं मोठं काम तिला आजवर कधी मिळालं नव्हतं. बाईंनी बूट चढवले आणि दारात थांबून म्हणाल्या, "पांढरं कापड आहे, आणि मुली वॉर्डात जाणार ते घालून. पाठवू की थांबू, ते तुम्हीच मला कळवा."

घर तळमजल्यावरचं, तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत तिचं मशीन, मधल्या खोलीत सासूबाईंची खाट, मागे स्वयंपाकघर. नवरा मोठा ट्रक चालवायचा. एकदा गाडी निघाली की दोन-तीन महिने तो फक्त फोनवर भेटायचा. एरवी घरात या दोघी आणि सहा मांजरं. मांजरं सासूबाईंची. एक कुणीतरी दारात सोडलेली, दोन गटारातून काढलेली, बाकीची आपणहून आलेली आणि मग न गेलेली. सुनेला मांजरांचं वेड कधीच नव्हतं. तिच्या कापडावर बसलेलं मांजर ती मानगुटीला धरून खाली ठेवायची, आणि ते परत चढायचं, आणि ती परत ठेवायची. असं नऊ वर्षं चाललं होतं.

मेट्रनबाई गेल्यावर ती मधल्या खोलीत गेली. सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि पोटरी खाजवत होत्या.

"बघू पाय," ती म्हणाली.

गुडघ्यापर्यंत लाल पुटकुळ्या होत्या, काही खाजवून फुटलेल्या. सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसायचं. "मला वाटलं वयामुळं कातडी कोरडी पडलीय," त्या म्हणाल्या. "म्हणून तेल लावत होते."

 त्यांना ते खात होतं. आपल्या मांजरांपायी सुनेचं काम जातंय, हे काही त्यांच्या मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी सून दोरे आणायला बाजारात गेली, तेव्हा शेजारीण आली. तिच्याकडे मोठा कुत्रा होता. त्याच्या पिसवांच्या औषधाची अर्धी उरलेली नळी तिने सासूबाईंच्या हातात ठेवली. "मानेवर टाकायचं, बस. कुत्र्याला चालतं तर मांजराला काय होतंय?" असं म्हणून ती निघून गेली. सासूबाईंनी सगळ्यात म्हाताऱ्या मांजरीपासून सुरुवात केली. तिचं नाव मास्तरीण, कारण ती सगळ्यांकडे तुम्ही गृहपाठ केला नाही अशा नजरेनं बघायची. बाकीची पाच हाताला लागली नाहीत, म्हणून वाचली.

सून परत आली तेव्हा मास्तरीण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आडवी पडून थरथरत होती. कान फडफडत होते, पाय ताठ होऊन सैल पडत होते, तोंडातून लाळ गळत होती. सासूबाई तिच्याशेजारी फरशीवर बसल्या होत्या. हातात ती नळी होती.

"मीच घातलं गं," त्या म्हणाल्या. "मीच."

सुनेनं नळी घेतली. वरच्या चित्रात नुसता कुत्रा होता, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, मांजरांसाठी वापरू नये. तिनं जनावरांच्या सरकारी दवाखान्यात फोन लावला. तिथल्या डॉक्टर बाईंनी फार प्रश्न विचारले नाहीत. "भांडी घासायचा साबण घ्या, कोमट पाण्यानं मान आणि पाठ धुऊन काढा, कोरडी करून उबेत गुंडाळा आणि आत्ताच्या आत्ता घेऊन या. चाटू देऊ नका."

तिनं मास्तरणीला न्हाणीत धुतलं. ज्या मांजरीला ती रोज कापडावरून हाकलायची, तिचं ओलं अंग तिच्या हातात एवढंसं झालं होतं. धुणं चालू असताना तिच्या लक्षात आलं की आपण तिच्याशी बोलतोय. "थांब हं, थांब, झालंच." मग टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून, ती रिक्षात बसली.

दवाखान्यात मास्तरणीला सलाईन लावलं, आकडी थांबवायचं इंजेक्शन दिलं. डॉक्टर वयानं लहान होत्या, पण बोलणं स्वच्छ होतं. "कुत्र्याच्या काही औषधांत असं द्रव्य असतं, जे मांजराच्या शरीराला पचवताच येत नाही. थेंबभरसुद्धा नाही. तुम्ही लवकर धुतलंत, म्हणून आशा आहे. दोन दिवस इथे राहू दे."

संध्याकाळी सासूबाई जेवल्या नाहीत. भांडी आवरून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सूनबाई, उरलेली पाच कुणाला तरी देऊन टाक. नाहीतर लांब नेऊन सोड. मी काही म्हणणार नाही."

तोवर तिलाही वाटत होतं की हेच सोपं आहे. वाटलं तर होतं. पण सासूबाईंचा आवाज ऐकला आणि तिचं मन उलट फिरलं. "उद्या डॉक्टरांना विचारते," ती म्हणाली. "त्यानंतर काय ते बघू."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर पेननं एक मांजर काढलं आणि त्याच्याभोवती मोठं घर काढलं. "अंगावर दिसतात त्या थोड्या. अंडी, अळ्या, कोश, हे सगळं घरात असतं. फरशीच्या फटीत, गादीखाली, कपाटामागे. मांजरं गेली तर त्या उपाशी पिसवा तुम्हाला चावतील. मांजरं घरात असतील आणि त्यांच्या अंगावर योग्य औषध असेल, तर पिसवा त्यांच्यावर चढून मरतील. तुमची मांजरं म्हणजे तुमचं जाळं आहे."

"खर्च झेपेल असं सांगा," ती म्हणाली. "सहा आहेत. दुकानात एकेकाचं वेगळं पाकीट मिळतं, ते नाही परवडायचं."

"एका मोठ्या बाटलीतून वजनाप्रमाणे मी काढून देते, मांजरांचंच औषध. महिन्यातून एकदा, सगळ्यांना एकाच दिवशी. एकही सुटता कामा नये. बाकी काम फणीचं, साबणाचं, गरम पाण्याचं आणि झाडूचं. ते फुकट आहे, पण अंगमेहनतीचं. आणि एक सांगून ठेवते. दहा-बारा दिवसांनी वाटेल, सगळं वाया गेलं. कोशातून नव्या पिसवा बाहेर येतील. कोशात असताना त्यांना कुठलंच औषध मारत नाही, बाहेर आल्यावरच मरतात. तेव्हा हातपाय गाळायचे नाहीत."

तिथून ती थेट हॉस्पिटलात गेली. मेट्रनबाईंच्या टेबलासमोर उभी राहिली आणि लपवाछपवी न करता सांगितलं. घरात पिसवा आहेत, सहा मांजरं आहेत, मांजरं जाणार नाहीत, पिसवा जातील. कापड सहा आठवड्यांनी पाठवा.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मांजरं काढून टाकणं सोपं नाही का?"

"नाही," ती म्हणाली, आणि कागदावरचं ते घर त्यांना समजावून सांगितलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "पाच आठवडे. पाचव्या आठवड्यात मी स्वतः येऊन बघेन."

पहिलं काम वजनाचं होतं. ती आधी एकटी काट्यावर उभी राहायची, मग मांजर घेऊन, आणि वजाबाकी सासूबाई तोंडी करायच्या. हवालदार नावाचा बोका सोडून सगळ्यांची वजनं झाली. हवालदार तीनदा निसटला आणि चौथ्यांदा उशीच्या अभ्र्यात घालून मोजला गेला. औषध एकाच सकाळी पाचही जणांच्या मानेवर पडलं. मास्तरीण परत आली होती, अशक्त, पण डोळ्यांत तीच नजर. तिला महिनाभर फक्त फणी करायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मग घर. मांजरं जिथे जिथे झोपायची ती सगळी पांघरुणं, उशा, खाटेवरची चादर दर चार दिवसांनी उकळत्या पाण्यात. गादी रोज उन्हात. खाट भिंतीपासून ओढून मागचा केर. मशीनखालच्या फटीतून तिनं सुईनं धाग्यांचा भुगा उकरून काढला, तर त्यात मिरपुडीसारखे काळे कण. ओल्या कागदावर टाकल्यावर ते तांबडे झाले. पिसवांनी पिऊन विष्ठेतून टाकलेलं रक्त होतं ते. त्या दिवसापासून मशीनखाली ती रोज दोनदा झाडायची आणि केर पिशवीत बांधून लगेच बाहेर टाकायची. मशीनच्या पायपट्टीच्या हादऱ्यानं कोश फुटतात असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून काम नसतानाही ती रिकामं मशीन चालवायची. "बाहेर या," ती म्हणायची. सासूबाईंना पहिल्यांदा हसू आलं ते यावर.

फणीचं काम त्यांनी मागून घेतलं. उवांची बारीक दातांची फणी, शेजारी साबणाच्या पाण्याचं भांडं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण बोटांना कळायचं. "ही बघ, पळाली. मिळाली." आणि फणी पाण्यात बुडायची. सून डोळे फाडून बघायची तेवढ्यात त्यांच्या तीन पकडून झालेल्या असायच्या.

निजायच्या आधी त्या पुढच्या खोलीत फरशीवर एक ताट ठेवायच्या, साबणाचं पाणी घातलेलं, आणि त्याच्यावर छोटा दिवा. उजेडाकडे उडी मारलेली पिसू पाण्यात पडायची. सकाळी सून मेलेल्या पिसवा मोजायची आणि कपाटाच्या दारावर कपड्याला खूण करायच्या खडूनं आकडा लिहायची. एकतीस. सव्वीस. एकोणीस. अकरा. सात.

बाराव्या दिवशी सकाळी ताटात चौतीस होत्या.

सासूबाईंना आकडा सांगावा लागला नाही. खडूचा आवाज आला नाही, त्यावरूनच त्यांना कळलं असावं. "पहिल्यापेक्षा जास्त?"

"जास्त."

त्या खाली बसल्या. "तुझे हात बघ. साबणानं सालं निघालीयत. माझ्यासाठी करतेयस ना हे? नको करू. मी सांगते, सोड त्यांना."

सुनेचेही त्या क्षणी हातपाय गळाले होते. बारा दिवसांत तिनं दोन-चार फाटक्या कपड्यांची दुरुस्ती सोडली तर काही शिवलं नव्हतं. पाठ मोडून आली होती. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि मग चौतीस हा आकडा मोठ्या अक्षरात, ठळक लिहिला.

"डॉक्टर म्हणाल्या होत्या तेच झालंय," ती म्हणाली. "कोशातल्या निघाल्या. म्हणजे आता आत उरल्या नाहीत, बाहेर आल्या. आई, उठा. पाणी तापायला ठेवते. आज गादीची पाळी."

"आणि परत वाढल्या तर?"

"तर परत लिहीन."

सासूबाई उठल्या. त्या दिवशी त्यांनी हवालदारालाही फणी केली, आणि त्यानं करू दिली.

चौदाव्या दिवशी बावीस. अठराव्या दिवशी नऊ. महिना भरला तेव्हा दुसरी मात्रा पडली, या वेळी मास्तरणीलाही, अगदी कमी आणि डॉक्टरांच्या समोर. त्यानंतर दोन, एक, दोन, शून्य. पहिल्या शून्यावर तिचा विश्वास बसला नाही. तिनं ताट दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं. तिथेही शून्य.

पाचव्या आठवड्याच्या शनिवारी मेट्रनबाई आल्या. दाराशी बूट काढले. पायांत गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे होते. त्या पुढच्या खोलीत फिरल्या, मशीनखाली पाय घालून उभ्या राहिल्या, मधल्या खोलीत खाटेच्या कडेनं चालल्या, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मिनिटभर थांबल्या. मागोमाग हवालदार, शेपटी ताठ करून, जणू तोच घर दाखवत होता. परत येऊन बाई खुर्चीवर बसल्या आणि पाय समोर पसरून दोन्ही मोजे खालपासून वरपर्यंत तपासले. उलटे करूनही बघितले.

दोघी सासू-सुना बाजूला उभ्या राहून बघत होत्या.

"स्वच्छ," बाई म्हणाल्या. मग कपाटाच्या दाराकडे बघितलं. "हे आकडे कसले?"

तिनं सांगितलं. बाई उठून चौतीसपाशी गेल्या आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं. "या दिवशी सोडलं नाहीत," त्या म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता. "सोमवारी कापड येईल. शिवून झालेला प्रत्येक गणवेश लगेच पिशवीत बंद करायचा, आणि ज्या खोलीत शिवाल तिथे मांजर नको."

"पुढच्या खोलीला दार लावून घेते."

"लावा," बाई म्हणाल्या, आणि सासूबाईंकडे वळून विचारलं, "पाय कसे आहेत आता?"

"झोप लागते," सासूबाई म्हणाल्या.

चाळीस गणवेश पाच आठवड्यांत पूर्ण झाले. दार बंद असल्यामुळे सहाही मांजरं बाहेर ओळीनं बसून निषेध नोंदवायची, आणि दुपारी सून जेवायला बाहेर आली की तिच्या पायांत घोटाळायची. तिसरी मात्राही पडली. ताट अजून ठेवलं जात होतं, पण सकाळी त्यात फार तर एखादी माशी असायची.

त्याच सुमारास नवरा लांबच्या फेरीवरून परत आला. गाडी कोपऱ्यावर उभी करून, खांद्यावर गाडीतलं पांघरूण आणि उशी टाकून, दमलेला, हसत दारात आला. सासूबाई उंबरठ्यावरच बसल्या होत्या, मांडीवर मास्तरीण, हातात फणी.

"तिथेच थांब," त्या मुलाला म्हणाल्या.

"का? काय झालं?"

"ते पांघरूण खाली ठेव. कुठल्या कुठल्या धाब्यावर अंथरलंस देव जाणे. उकळल्याशिवाय ते घरात यायचं नाही."

त्यानं आतल्या बायकोकडे बघितलं. ती चुलीवर मोठं पातेलं चढवतच होती.

"आई म्हणतात तसं कर," ती म्हणाली. "आणि मोजेही काढ."