जानकीबाईंचा बिननावाचा डबा

मुलुंड पूर्वेच्या त्या चार मजली सोसायटीत चकली जमली की नाही, हे जानकीबाई ठरवत. दिवाळीत ज्या घरी पहिला घाणा उतरे, तिथलं कुणीतरी बशीत एक गरम चकली घेऊन पहिल्या मजल्यावर येई. जानकीबाई ती कानाजवळ धरून मोडत, डोळे मिटत आणि मोहन कमी पडलंय की भाजणी जास्त भाजलीय ते सांगत. कधी नुसतीच मान हलवत. मान हलली की त्या घरात रेशनच्या पामतेलाचंसुद्धा कौतुक होई.

त्या चकली तोंडात घालत नाहीत, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पुढचे दात शाबूत असल्यामुळे हसू जुनंच होतं. गेल्या होत्या त्या खालच्या दाढा, दोन्हीकडच्या. आता कानाला कुरकुरीतपणा कळतो, पण खुसखुशीत कोणती आणि दगड कोणता, ते कळायला दाढच लागते. गेल्या वर्षी महिला मंडळाच्या फराळ स्पर्धेत जानकीबाईंनी आवाजावरून जिला पहिलं बक्षीस दिलं, त्या चकलीनं मंडळाच्या अध्यक्षीणबाईंच्या दाताचा टवका काढला.

यंदा दुसऱ्या मजल्यावरची नलिनी मंडळाची चिटणीस झाली होती. तिनं नवा नियम केला, की परीक्षकांनी चकली सर्वांसमक्ष चावून निकाल द्यावा. नियम वाचून दाखवताना ती जानकीबाईंकडे बघून फार गोड हसली. जानकीबाईंना जमलं नाही, तर परीक्षक कोण होणार हे सांगायची गरज नव्हती.

जानकीबाई गुपचूप घाटकोपरला जाऊन कवळी करून आल्या. गुलाबी पट्टी आणि तिच्या दोन टोकांना दाढा, असा तो ऐवज होता. डॉक्टरांनी पहिले काही दिवस मऊ भातावर ठेवलं आणि पाडव्यापासून चकलीला परवानगी दिली. तीसुद्धा हातानं मोडून, छोटा तुकडा, दोन्ही बाजूंनी एकदम चावायचा. गोड खाल्लं की खळखळून चूळ भरायची, आहेत ते दात ब्रशनं घासायचे, कवळी काढून धुवायची आणि पाण्यात ठेवायची. कोरडी राहिली तर वाकडी होते. गरम पाणी अजिबात नाही. जानकीबाईंनी हे सगळं सत्यनारायणाच्या पोथीसारखं ऐकलं.

पाडव्याच्या सकाळी अभ्यंगस्नान आटोपून त्यांनी बेसनाचा लाडू खाल्ला. मग एक चकली मोडली, तुकडा दाढेखाली घेतला आणि कुर्रर्र असा आवाज थेट मेंदूत गेला. त्यांना भाऊबीज, पाडवा आणि लक्ष्मीपूजन एकदम झाल्यासारखं वाटलं. सून क्षमा बघत होती म्हणून, नाही तर त्यांनी फुगडी घातली असती.

नियमाप्रमाणे कवळी काढून तीनदा धुतली आणि पाण्यात घातली. पण ठेवायची कुठे? येणारी-जाणारी माणसं मोरीपर्यंत जात. जुनी लुगडी देऊन बोहारणीकडून घेतलेला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा होता, त्यावर अजून नाव घातलं नव्हतं. त्यात पाण्यासकट कवळी ठेवून डबा त्यांनी फराळाच्या डब्यांमागे सरकवला आणि दुपारी जरा आडव्या झाल्या.

उठून बघतात तर डबा नाही.

क्षमा म्हणाली, "तो गुलाबजामचा ना, आई? शेजारी जयंतीवहिनींकडे ताटाबरोबर दिला. हलवून पाहिला, आत पाक होता."

जानकीबाईंनी घड्याळ पाहिलं. स्पर्धा पाच वाजता होती. दाढांशिवाय चकली गिळता येईल का, याचा त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. मग क्षमाच्या कानात काय ते सांगितलं. तिनं पदर तोंडात कोंबला. दुःखानं की कशानं, ते जानकीबाईंनी विचारलं नाही. तशीच तिला शेजारी पिटाळली. डबा परत हवाय एवढंच बोलायचं, बाकी अक्षर नाही.

क्षमा परत आली ती पांढरीफटक होऊन. जयंती म्हणाली होती की गुलाबजाम अप्रतिम होते, एकही उरला नाही, मुलांनी तर पाकसुद्धा पिऊन टाकला.

"पाक प्यायले?" जानकीबाईंनी विचारलं.

"वाटीनं. आणि डबा घासायला टाकलाय, संध्याकाळी देते म्हणाल्या."

क्षमा रडायच्या बेतात होती. जानकीबाईंचा चेहरा मात्र हळूहळू उजळत गेला. इतक्या दिवाळ्यांचा फराळ त्यांनी उगाच वाटला नव्हता. खाल्लेल्या पदार्थाला लोक नावं ठेवतात. न उघडलेल्याच पदार्थाची इतकी स्तुती होते. जयंतीनं डबा हलवला असणार, आत टक् टक् वाजलं असणार, गुलाबजाम कडक झालेत असं समजून तिनं तो पुढच्या घरी ढकलला असणार. नाव नसलेला डबा, कुणाला कळतंय? त्यांनी स्वतः गेल्या वर्षी नलिनीचे अनारसे असेच तिसऱ्या मजल्यावर पोचवले होते.

म्हणजे दाढा सुखरूप होत्या आणि इमारतीत फिरत होत्या. प्रश्न एवढाच होता, की कुठल्यातरी घरात एखादा भुकेला पाहुणा आधी झाकण उघडतो की पाच आधी वाजतात.

त्यानंतर जिन्यात पाऊल वाजलं की जानकीबाई दाराशी. वरच्या मजल्यावर कुणी ओरडलं की छातीत धस्स. क्षमा दोनदा जिना चढून-उतरून आली. कुणाच्या तरी घरात टक् टक् ऐकल्यासारखं वाटलं, तर तो कॅरम निघाला. साडेचार झाले. जानकीबाईंनी नवी इरकल नेसली, मनाचा हिय्या करून आजारी पडायचं ठरवलं आणि कुठे दुखतंय म्हणायचं याचा विचार करू लागल्या.

तेवढ्यात बेल वाजली. दारात नलिनी, हातात क्रोशाच्या रुमालानं झाकलेलं ताट आणि ताटात तो डबा.

"काकू, गुलाबजाम आणलेत तुमच्यासाठी. कालपासून खपतेय," नलिनी म्हणाली. "तुम्हाला मऊ बरं पडेल ना आता? चकली झेपली नाही तर सांगा हं, मी आहेच."

जानकीबाईंनी डबा घेतला. हलवला. टक्.

"पाक छान उतरलाय गं," त्या म्हणाल्या. "हो तू पुढे, मी आलेच."

दार लागताच सासू-सुनेनं जे केलं त्याला फुगडीच म्हणतात.

सोसायटीच्या गच्चीत सतरंज्या अंथरल्या होत्या, कंदील लागले होते, सगळ्या बायका जानकीबाईंच्या तोंडाकडे बघत होत्या. बशांवर नुसते नंबर होते. जानकीबाईंनी पहिली चकली हातानं मोडली, छोटा तुकडा घेतला, दोन्ही बाजूंनी एकदम चावला. कुर्रर्र आवाज शेवटच्या सतरंजीपर्यंत गेला. नलिनीचं हसू जिथे होतं तिथेच राहिलं, फक्त त्यातला गोडवा गेला. जानकीबाईंनी एकही बशी सोडली नाही, मधे मधे चूळ भरली, आणि चार नंबरच्या चकलीपाशी थांबल्या. इतकी खुसखुशीत चकली त्यांच्या जुन्या दाढांनासुद्धा कधी मिळाली नव्हती. त्यांनी तिला पहिलं बक्षीस दिलं.

चार नंबर नलिनीचा निघाला.

टाळ्या पडल्या. बक्षिसाची किसणी घेताना तिनं हळूच विचारलं, "काकू, गुलाबजाम खाल्ले?"

"ते नसते तर आजची स्पर्धाच झाली नसती," जानकीबाई म्हणाल्या. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि नलिनीचे डोळे चक्क भरून आले.

दुसऱ्या दिवशी भांड्यांवर नावं घालणारा खाली आला, तेव्हा जानकीबाईंनी तो डबा त्याच्यापुढे ठेवला. आता पुन्हा हरवायला नको. त्यानं विचारलं, नाव काय घालू? त्यांनी सांगितलं तसं त्यानं टकटक करून कोरलं:

सौ. नलिनी यांजकडून सप्रेम भेट.