राजाच्या जमिनीतला एक खड्डा

मी कर्णा बोलतोय. कर्ण्यानं बोलायचं नाही तर काय करायचं, असं तुम्ही म्हणाल. पण आजवर माझ्या तोंडून निघालेल्या शब्दांपैकी एकही माझा नव्हता. कुणीतरी मुठीत धरायचं, अंगठ्यानं बटण दाबायचं आणि मी ओरडायचं, यात जन्म गेला. आता बटण तुटलं आहे. बॅटऱ्या काढून कुणीतरी विजेरीत घातल्या. तरीही बोलतोय. राग फार साठला की बॅटरी लागत नाही.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात एका सरकत्या पट्ट्यावर माझ्यासारखे शेकडो होते. तिथून जहाज, मग ट्रक, मग आमच्या राजधानीतल्या, मासेरूतल्या, एका दुकानाचं फडताळ. प्लास्टिकच्या बादल्या आणि घोड्यांचे लगाम यांच्या मध्ये मी धूळ खात पडलो होतो. एके दिवशी घोंगडी पांघरलेल्या एका म्हाताऱ्यानं मला उचललं आणि दुकानदाराला विचारलं, "हा डोंगरापलीकडे ऐकू जाईल का?"

तो लेत्लात्सा. डोंगरातल्या आमच्या गावाचा मोरेना, म्हणजे मुखिया. गावाचं नावही त्याच्या घराण्यावरूनच पडलेलं, हा-लेत्लात्सा.

मला घ्यायचं कारण होतं सेखोन्यानाचा घसा. सेखोन्याना हा चावडीचा दवंडीवाला. तरुणपणापासून तो गावावरच्या खडकावर उभा राहून हाळी द्यायचा. कुणाची गुरं कोंडवाड्यात आलीत, मेंढरांना लस टोचायला कधी आणायचं, कोण वारलं, खड्डा खणायला कधी जमायचं. एका हिवाळ्यात त्याचा आवाज बसला तो पुन्हा उठलाच नाही. मोरेनानं मला त्याच्या हाती दिलं. "घे, नवा घसा आणलाय तुला."

सेखोन्यानानं मला उलटसुलट करून पाहिलं आणि नेमकं दुसरं बटण दाबलं. ते दाबलं की मी रुग्णवाहिकेसारखा केकाटतो. कोंबड्या छपरावर चढल्या. एक गाढव दावं तोडून पळालं.

"मोरेना," सेखोन्याना घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हा घसा माझ्या बायकोचा निघाला."

लेत्लात्साच्या काळात मी सुखात होतो. चावडी म्हणजे दगडी गडग्याच्या आतलं मोकळं अंगण, कडेला एक पीचचं झाड. सभा भरली की सेखोन्याना मला तोंडाशी धरून दर वेळी तेच म्हणायचा, "राजा माणसांमुळे राजा असतो. चावडीत बोललेल्याला शिक्षा नाही. बोला." मग मी हातोहात फिरायचो. तंबाखूचा वास येणारे हात, पिठानं माखलेले हात, मेंढरांच्या लोकरीचे तेलकट हात. कुणी मला फार जवळ धरायचं, कुणी साप धरल्यासारखं लांब.

मात्सेलिसोनं मला नीट धरलं. आमच्याकडे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात; ती त्सेलिसोची आई. विधवा, जिभेची तिखट, शेत एकटीनं कसणारी. भर सभेत तिनं मोरेनालाच धरलं. "मोरेना, तुमचा बैल माझ्या मक्यात शिरला. माझा बैल तुमच्या मक्यात शिरला असता तर आत्ता कोंडवाड्यात असता. तुमचा कुठाय? गोठ्यात. ढेकर देतोय."

माणसं पोट धरून हसली. लेत्लात्साही हसला. "बैल कोंडवाड्यात न्या," तो म्हणाला, "आणि म्मे, बाईसाहेब, त्याच्याबरोबर मलाही बांधा. दोघांचं खाणं तुम्हीच घाला."

तिचा त्सेलिसो सीमेपलीकडे, दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत कामाला होता. नाताळाला घरी यायचा. एका नाताळात माझ्या आतली एक तार तुटली, तेव्हा त्यानंच अंगणात बसून ती जोडली. जोडून झाल्यावर तपासायला बटण दाबून म्हणाला, "एक, दोन. एक, दोन. आई, जेवण झालं का? भूक लागलीये." अख्ख्या गावानं ऐकलं. तीन-चार घरांतून बायकांनी ओरडून सांगितलं, "आमच्याकडे ये, आमचं झालंय!"

ते वाक्य अजून माझ्या पत्र्यात कुठेतरी अडकून बसलं आहे.

लेत्लात्सा गेला. त्याचा मुलगा खोआबाने मोरेना झाला. कारण एवढंच की तो लेत्लात्साचा मुलगा होता. बापाची घोंगडी त्यानं अंगावर घेतली. बापाचे कान मात्र बापाबरोबर पुरले गेले होते.

पुढे मका कापणीच्या दिवसांत मासेरूहून एक समिती आली. देशाची घटना दुरुस्त करायची म्हणून ती गावोगाव फिरत होती. चावडी भरली. समितीचे प्रमुख काळा चष्मा न काढताच म्हणाले, "आम्हाला गावाचं मत हवंय. राजा असाच राहावा, त्याचे अधिकार वाढवावेत, की राजा नकोच, लोकांनी निवडलेला अध्यक्ष हवा? मोकळेपणानं बोला."

"आधी रस्ता करा," मागून एक म्हातारा ओरडला. "मग राजा येऊ दे, नाहीतर अध्यक्ष. वर चढून येईल तरी!"

हशा झाला. मग सेखोन्याना उठला. त्याच्या घरी भिंतीवर राजाची तसबीर आहे. दर रविवारी तो ती पुसतो, मगच प्रार्थनेला जातो. तो म्हणाला, "आमदार आपणच निवडतो. तो रात्री एका पक्षात झोपतो आणि सकाळी दुसऱ्या पक्षात उठतो. अशांच्या हाती जमीन द्यायची? जमीन राजाच्या नावावर आहे म्हणून टिकलीय. राजा म्हणजे अंगावरची घोंगडी. थंडी असताना घोंगडी काढून बघायची नसते."

बराच वेळ टाळ्या वाजल्या. मी मात्सेलिसोच्या हातात गेलो.

"न्ताते सेखोन्याना बरोबर बोलले," ती म्हणाली. वडीलधाऱ्या माणसाला आम्ही न्ताते म्हणतो. "घोंगडी चांगलीच आहे. पण तिच्याखाली कोण लपतं ते मी पाहिलंय. माझ्या आयुष्यात किती सरकारं पडली, किती वेळा शिपाई बंदुका घेऊन रस्त्यावर आले. दर वेळी मंत्री कागद पुढे करतात आणि राजा सही करतो. त्याला नाही म्हणता येत नाही, घटनेनंच त्याची जीभ बांधलीय. सगळं चालतं त्याच्या नावानं आणि जाब विचारायला गेलं तर तो मुका. मग त्याची जीभ तरी सोडा, नाहीतर त्याचं नाव तरी काढा. मला असा माणूस हवा ज्याला मी निवडीन, आणि नाही जमलं तर जा म्हणून सांगेन. बापाचा मुलगा आहे एवढ्यावर मी बैलसुद्धा विकत घेत नाही."

शेवटचं वाक्य नको होतं, असं नंतर पुष्कळांनी म्हटलं. बायका घोंगडीत तोंड लपवून हसल्या, पुरुष हातातल्या टोप्यांकडे पाहत राहिले, आणि खोआबानेचा जबडा आवळला. तिनं बोट राजाकडे दाखवलं होतं, लागलं याला.

समितीच्या माणसानं "नोंद झाली" म्हटलं. गाड्या उतरणीवरून निघून गेल्या. सेखोन्याना मात्सेलिसोशी बोलेनासा झाला. पाणवठ्यावर ती दिसली की तो बादली घेऊन मागे फिरायचा.

डोंगरावर बर्फ पडलं त्या आठवड्यात सीमेपलीकडून फोन आला. खाणीत छत कोसळलं होतं. त्सेलिसो त्याखाली होता.

मात्सेलिसो दुसऱ्या दिवशी चावडीत आली. गावात कुणालाही पुरायचं तर जागा मोरेनानं द्यायची, राजाच्या नावानं. नेहमी यात बोलण्यासारखं काही नसतं. मोरेना मान हलवतो, सेखोन्याना मला घेऊन खडकावर जातो, पहाटे माणसं फावडी घेऊन येतात. मी गडग्यावर ठेवलेला होतो. आत दहा-बारा पुरुष टोप्या गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

"मोरेना, त्याच्या बापाशेजारी जागा आहे," ती म्हणाली. "गाडी परवा येईल."

खोआबानेनं सावकाश विचारलं, "ही जमीन कुणाची आहे, मात्सेलिसो?"

उत्तर त्यानं स्वतःच दिलं.

"राजाची आहे. ज्या राजाला तू नको म्हणालीस. मग त्याच्या जमिनीत पोराला कशाला ठेवतेस? तुझा अध्यक्ष निवडून येऊ दे, त्याच्याकडे माग जागा."

"ते मी चावडीत बोलले होते," तिचा आवाज अगदी खाली गेला. "चावडीत बोललेल्याला शिक्षा नाही."

"शिक्षा कुठे देतोय, मात्सेलिसो? मी फक्त जागा देत नाही."

हे वाक्य ऐका. पुन्हा ऐका. मी आयुष्यात पुष्कळ खोटं ओरडलो आहे. निवडणुकीच्या दिवसांत तर रोज. पण इतकं गुळगुळीत वाक्य माझ्यापुढे कुणी बोललं नव्हतं. बोलताना तो तिला मात्सेलिसो म्हणत होता. दर हाकेला मेलेल्या पोराचं नाव त्याच्या तोंडात येत होतं, आणि त्याची जीभ एकदाही अडखळली नाही.

आणि ते दहा-बारा पुरुष! त्यांतल्या निम्म्यांनी तिच्या घरची ज्वारीची दारू प्यायली होती. एकाची मेंढरं बर्फात अडकली तेव्हा त्सेलिसोनं खांद्यावरून आणली होती. एकानं खाकरल्यासारखं केलं. मला वाटलं, आता बोलेल. तो थुंकला आणि टोपीची लोकर उपसत बसला.

मी गडग्यावर होतो, बॅटऱ्यांत थोडा जीव होता. एक अंगठा हवा होता फक्त. माझ्यासारखी लाचारी कुणाच्या वाट्याला येऊ नये.

मात्सेलिसो घोंगडी सावरून निघून गेली. खोआबाने सेखोन्यानाकडे वळला. "हाळी द्यायची नाही. ऐकलंस ना?"

"ऐकलं, मोरेना," सेखोन्याना म्हणाला. त्यानं मला उचललं. रोज संध्याकाळी तो मला घरीच नेई.

घरी त्यानं मला राजाच्या तसबिरीखाली ठेवलं आणि समोर बसून राहिला. बायको म्हणाली, "मक्याचा पापा गार होतोय, खाऊन घ्या." तो म्हणाला, "होऊ दे." मग तो तसबिरीकडे पाहून म्हणाला, "तुझ्या नावानं हे चाललंय. तुला माहीत तरी आहे का?" तसबीर काय बोलणार. तिचीही जीभ बांधलेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो कुणाला न सांगता उतरणीखालच्या टपरीवर गेला आणि माझ्यासाठी नव्या बॅटऱ्या घेऊन आला. माणसं शेतांतून परतली, धूर वर चढू लागला, तेव्हा तो मला घेऊन खडकावर उभा राहिला.

"हा-लेत्लात्साच्या लोकांनो, ऐका. मात्सेलिसोचा त्सेलिसो उद्या घरी येतोय. पहाटे त्याच्या बापाशेजारी खड्डा खणायचा आहे. फावडं असेल त्यानं फावडं आणा, कुदळ असेल त्यानं कुदळ. मोरेनानं जागा दिलेली नाही, मला दवंडीही मना केलीय. मी राजाचा माणूस आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. जमीन राजाची आहे, हेही खरं. पण राजा ती आपल्यासाठी सांभाळतो, आपल्यापासून नाही. राजाच्या नावानं हे पोर कुणाला अडवायचं असेल, तर त्यानं राजालाच इथं घेऊन यावं. मी खड्ड्यापाशी उभा असेन."

तो थांबला. मग त्यानं दुसरं बटण दाबलं. या वेळी चुकून नव्हे. मी केकाटलो, समोरच्या डोंगरावरून माझा आवाज परत येईपर्यंत केकाटलो. त्या एका केकाटण्यात माझं स्वतःचंही थोडं होतं.

पहाटे माणसं आली. आधी दोन, मग सात-आठ, मग तेही आले, टोप्या गुडघ्यांवर ठेवून बसलेले. जमीन गोठली होती. कुदळीचे घाव ठणठण वाजत होते. खोआबाने घोड्यावरून आला, लांब उभा राहिला, माणसं मोजल्यासारखी पाहिली आणि घोडा वळवून गेला.

मात्सेलिसो खड्ड्यापाशी आली. सेखोन्याना आत उतरून दगड काढत होता.

"न्ताते," ती म्हणाली, "माझं मत बदललेलं नाही."

"माझंही नाही," तो म्हणाला. "जरा ते लहान फावडं दे."

त्सेलिसोला बापाशेजारी जागा मिळाली.

पुढच्या सोमवारी खोआबानेनं चावडीत सेखोन्यानाच्या हातून मला हिसकावलं आणि गडग्यावर आपटलं. माझं तोंड फुटलं. सेखोन्यानाला त्यानं सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस." आता मी मोरेनाच्या कोठीत आहे, मोडक्या खोगिरावर. चावडीत नवा कर्णा आला आहे. त्याचा आवाज माझ्याहून मोठा आहे, पण तो हातोहात फिरत नाही. मोरेना त्याला पट्ट्यानं स्वतःच्या गळ्यात अडकवतो.

ती समिती पुन्हा येणार आहे म्हणे, तोच प्रश्न घेऊन. राजा हवा की अध्यक्ष? मी कर्णा, मला मत नाही. पण लोकहो, उत्तर देण्याआधी त्या काळ्या चष्मेवाल्याला एवढं विचारा, की जो नको म्हणेल त्याच्या मेलेल्याला जागा मिळेल ना? राजाला नको म्हटलं तरी, आणि उद्या अध्यक्षाला नको म्हटलं तरी? याचं उत्तर आल्याशिवाय हात वर करू नका.

आणि माझा खरा राग खोआबानेवर नाही. त्याला मी ओळखून होतो. राग आहे त्या दहा-बारा जणांवर. ते आले, खणलं, घाम गाळला, सगळं खरं. पण मी केकाटल्यावर आले. सेखोन्यानानं बॅटऱ्या आणल्या नसत्या तर? मी मुका होतो, कारण माझ्या तोंडाला बटण होतं. राजा मुका आहे, कारण त्याच्या जिभेवर घटना आहे.

तुमच्या तोंडावर काय होतं रे?