गार इंजिनाचे अश्रू

"हललं! अहो, हललं!" कुणीतरी ओरडलं आणि शेडमधल्या पन्नास-साठ माणसांनी एकदम हात जोडले.

कमरेएवढ्या उंचीच्या रुळांवर तीन फुटी वाफेचं इंजिन उभं होतं. हिरव्या रंगाचं, पितळी पट्ट्यांचं, मोठ्या इंजिनाची हुबेहूब नक्कल. भट्टीत निखारा नाही, धुराड्यातून धूर नाही, आसपास कुणाचा हात नाही. तरीही चाकांवर फुलांचे हार मिरवत ते छुक-छुक करत दोन हात पुढे गेलं आणि रुळावर ठेवलेल्या उशीला टेकून थांबलं. आधी ते जिथे उभं होतं, तिथे पाण्याचं थारोळं साचलं होतं.

"अश्रू!" गार्डबाबा गदगदून म्हणाले. पांढरे कपडे, गळ्यात शिट्टी, हातात हिरवी झेंडी. "देह म्हणजे डबा, भक्तहो. डबा यार्डात गेला तरी आत्म्याचं इंजिन ड्युटीवर असतं. आणि त्याचा सिग्नल फक्त ह्या गार्डालाच दिसतो!"

बायाबापड्या पुढे सरसावल्या, बोट बुडवून डोळ्यांना लावू लागल्या. उरलेलं पाणी बाबांनी चमच्यात गोळा केलं आणि पुढच्या खुर्चीवर बसलेल्या वहिनींच्या पायाच्या पट्टीवर ओतलं. मागे भिंतीला टेकून मी बघत होतो.

मी शाळेतला वर्कशॉपचा रिटायर्ड मास्तर. असल्या ठिकाणी कुणी बोलावलं की जायचं, ही माझी जुनी खोड. रडणाऱ्या तसबिरी पाहिल्या, आपोआप पेटणाऱ्या वाती पाहिल्या, नखात चोर दाखवणारेही पाहिले. लोकांचा राग येणं केव्हाच बंद झालं. आता उभं राहून फक्त गुडघे दुखतात.

पण हे इंजिन माझ्या मित्राचं होतं. सगळे त्याला फिटर म्हणत; वहिनी त्याची बायको. अकरा वर्षं खपून त्याने ते बनवलं. चाकं मी शाळेच्या लेथवर काढून दिली होती. अर्धा तास चालवायचं तर आधी दोन तास राबावं लागे. बावीस ठिकाणी तेल, गाळलेलं पाणी, हरभऱ्याएवढे फोडलेले कोळसे आणि डोळा सतत पाण्याच्या काचनळीवर. आणि थांबताना तर त्याचा कर्मठपणा बघावा. नुसतं चहाला जायचं असलं तरी तीन गोष्टी केल्याशिवाय तो हलत नसे. वाफेची कळ बंद. पुढे-मागे करायचा दांडा बरोब्बर मध्ये. सिलिंडरखालचे चिमुकले नळ उघडे. एकदा मी दांडा पुढेच ठेवून उठलो, तर म्हणाला, "मास्तर, असं सोडून गेलास तर परत येशील तेव्हा गाडी इथे नसेल, आणि कुणाचा तरी पाय खाली असेल."

चार महिन्यांपूर्वी, एका रविवारी दुपारी चार वाजता, फिटर गेला. त्यानंतर गार्डबाबा उगवले आणि दर रविवारी चार वाजता फिटरच्याच घरामागच्या शेडमध्ये दरबार भरू लागला. प्रश्न विचारायचा, गाडी चालली तर फिटरचं 'हो', उभी राहिली तर 'नाही'.

त्या दिवशी घरी परतताना फिटरची मुलगी माझ्यासोबत फाटकापर्यंत आली.

"काका, आईला साखरेचा त्रास आहे, तुम्हाला माहितीये. अंगठा काळा पडलाय. डॉक्टर म्हणतात, आत्ता एवढं एकच बोट काढलं तर भागेल. आईने गाडीला विचारलं, काढू का? गाडी जागची हलली नाही. मग त्या गार्डबाबांनी विचारलं, ह्या अश्रूंच्या पाण्याने बरं होईल का? तर चालली."

"त्या बाबांचा प्रश्न नेहमी शेवटीच असतो का गं?"

"हो. सुरुवातीच्या सगळ्यांना 'नाही' येतं. शेवटच्यालाच 'हो'."

मला तिथेच बरंचसं कळलं होतं. दांडा पूर्ण पुढे होता, तेही मी पाहिलं होतं. पण मी म्हणालो, "बघू पुढच्या रविवारी." खरं सांगायचं तर कंटाळा आला होता. गाडी हलली तेव्हा वहिनींचा चेहरा असा उजळला होता, की तो आपल्या हाताने विझवायचा, ह्याचाही कंटाळा. त्या आठ दिवसांबद्दल मला आजही स्वतःची लाज वाटते.

पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट. मुलीने दारातच सांगितलं, "दुसरं बोटही काळं पडतंय. डॉक्टरांनी मंगळवारची वेळ दिलीये. त्यानंतर पाऊल वाचेल असं सांगता येत नाही म्हणाले."

मी वहिनींच्या खुर्चीशेजारी जाऊन उभा राहिलो. बाबांचं सुरू होतं. एकाने नोकरीचं विचारलं, गाडी ढिम्म. एकीने नवऱ्याच्या दारूचं विचारलं, गाडी ढिम्म. मधूनच सिलिंडरमधून बारीक फुसफुस ऐकू येई आणि बाबा डोळे मिटून म्हणत, "उसासा टाकतायत. मृत्यू म्हणजे जंक्शन, मंडळी. तिथे थोडा लेट होतोच!"

ते सारखे हारांकडे बघत होते. मग घसा साफ करून म्हणाले, "आता शेवटचा प्रश्न. ताईंचा पाय ह्या अश्रूंवर सोपवायचा का?"

मी वाकून हळूच म्हणालो, "वहिनी, दांडा कुठे आहे बघा."

"कुठला दांडा, भावजी?"

"गाडीचा. तुम्ही त्याला जेवायला हाक मारायचात तेव्हा तो काय म्हणायचा?"

"'आलोच, नळ उघडतो,' म्हणायचे. ताट गार व्हायचं, पण..." बोलता बोलता वहिनी थांबल्या. इंजिनाकडे बघत राहिल्या. मग मुलीच्या खांद्याला धरून उठल्या आणि लंगडत गाडीभोवती बांधलेल्या दोरीपलीकडे गेल्या.

"ताई, मागे व्हा!" बाबांनी झेंडी आडवी धरली. "गाडीत आत्मा आहे. हात लावाल तर भस्म व्हाल!"

"चाळीस वर्षं संसार केलाय मी त्या आत्म्याशी," वहिनी म्हणाल्या. "नळ बंद, कळ उघडी, दांडा पुढे. एवढंच विचारायचंय, की ही गाडी अशी टाकून कोण गेलं? मेले तरी ते अशी टाकून जायचे नाहीत."

त्यांनी नळ उघडले. फुस्स करून जोराचा झोत आला. पुढची माणसं भाजेल म्हणून मागे सरली. वहिनींनी मात्र तळहात त्या झोतात धरला.

"गार आहे," त्या म्हणाल्या. "भावजी, ही वाफ नाही. हवा आहे."

त्यांनी कळ बंद केली, दांडा मध्ये आणला. आम्ही सगळे बघत राहिलो. गाडी हलली नाही. बाबांनी शिट्टी फुंकली, तरी नाही.

मग मी पुढे होऊन चाकावरचा हार काढला. खाली, चाकापुढे, बर्फाचा तुकडा रुळावर अडकवलेला होता, विरघळून नखाएवढा उरलेला. तो मी सगळ्यांना दाखवला. "हे तुमचे अश्रू. बर्फ आहे तोवर गाडी अडलेली, म्हणून 'नाही'. विरघळला की 'हो'. ह्या बाबाला सिग्नल दिसत नाही, ह्याला बर्फ दिसतो."

बॉयलरच्या पोटाखाली सायकलच्या ट्यूबला असतो तसला व्हॉल्व्ह होता. तो फिटरनेच बसवला होता. नवं इंजिन विस्तव पेटवण्याआधी हवा भरून चालवून बघतात. त्यात चमत्कार नाही, ती कामाची रीत आहे. रुळांच्या टेबलाखाली सोडलेल्या चादरीमागून मुलीने पायपंप ओढून बाहेर काढला.

"हा तर चौकातला टायरवाला!" मागून एक रिक्षावाला ओरडला. "दाढीमुळे ओळखलाच नाही! फिटरने व्हॉल्व्ह ह्याच्याकडूनच नेला होता, मी तिथेच होतो!"

बाबा मागच्या दाराने सटकले. झेंडी तिथेच राहिली.

आता लोकांनी टाळ्या वाजवल्या असतील असं तुम्हाला वाटेल. छे! एक बाई म्हणाली, "पण आमचं काम तर झालं होतं." दुसरीने तो उरलेला बर्फ हळूच पदरात बांधला. दोघेतिघे मला म्हणाले, तुम्हा शिकलेल्यांना कुणाचं बरं बघवत नाही. मी वाद घातला नाही. अंगात त्राण नव्हतं.

शेड रिकामी झाल्यावर वहिनी खुर्चीत बसून रडल्या.

"म्हणजे ते एकदाही आले नव्हते?"

"नाही, वहिनी."

"मी त्यांच्याशी म्हणून काय काय बोलले हो. त्या टायरवाल्याच्या पंपाशी!"

मी त्यांच्याजवळ बसून राहिलो, एवढंच.

मंगळवारी ऑपरेशन झालं. दोन बोटं गेली, पाऊल वाचलं. आठ दिवस आधी एकच गेलं असतं. ते दुसरं बोट त्या टायरवाल्याच्या खात्यावर जितकं, तितकंच माझ्याही.

दोन महिन्यांनी वहिनींनी निरोप पाठवला, की गाडी चालवायची आहे. खुर्चीत बसूनच त्यांनी बावीस ठिकाणी तेल घातलं, मुलीने कोळसे फोडले, मी भट्टी पेटवली. दोन तासांनी वाफेच्या दाबाचा काटा वर चढला आणि गाडी खऱ्या वाफेवर, धूर सोडत, तेलाचे शिंतोडे उडवत फिरली. कुंपणाशी सातआठ माणसं जमली. त्यातला एक म्हणाला, "ह्यात काय, ही तर विस्तवावर चालते." आणि ते पांगले.

मंडळी, मला आता फार बोलवत नाही, म्हणून एवढंच सांगतो. फिटरची अकरा वर्षं, तो विस्तव, ते पाणी, ते तेल ह्यात तुम्हाला नवल वाटत नाही, आणि चोरून भरलेल्या हवेला तुम्ही हात जोडता. कुणी चमत्कार दाखवला तर रागावू नका, भांडू नका. दोरी ओलांडून जा आणि हात लावून बघा. गार आहे की गरम, एवढं तरी बघा. आणि जे कळेल ते त्याच दिवशी सांगा; माझ्यासारखं पुढच्या रविवारवर ढकलू नका.

गाडी थांबली. मुलीने आतून हाक मारली, "आई, जेवायला चल!"

"आलेच," वहिनी म्हणाल्या, "नळ उघडते." त्यांनी कळ बंद केली, दांडा मध्ये आणला, नळ उघडले. उरलेली वाफ बाहेर पडली. वहिनींनी झटकन हात मागे घेतला आणि फुंकर मारत म्हणाल्या, "भाजलं."