न धुतलेली चादर

"ती चादर ठेव खाली," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तरी सुनेचा हात बादलीवरच थांबला.

दोघी एकाच लॉन्ड्रीत कामाला होत्या. डागांचं टेबल सासूबाईंचं. चहा असो, शाई असो नाहीतर रक्त, त्यांच्या हातून कापड कोरं होऊन निघायचं. घरी मात्र गेले काही महिने त्या आपल्या अंथरुणाला कुणाला हात लावू देत नव्हत्या. आज त्यांना उठवेना, म्हणून सुनेनं चादर ओढली आणि तांबूस डाग समोर आला.

"आई, हे काय? पाळी जाऊन किती वर्षं झाली तुमची!"

"अगं, गर्भाशयच काढलंय, मग कसली काळजी? येतं अधूनमधून. गार पाण्यात मीठ घातलं की लगेच निघतं."

सुनेनं बादली बाजूला सारली. डाग काढण्यात हात इतका बसलेला, की ही बाई दुखण्याची खूणच धुऊन टाकत होती!

"अजून काय होतं?"

"लघवीला आग होते. अंगावरून पाणी जातं, वास मारतं." त्या चिडल्या आणि मग हसल्याच. "लॉन्ड्रीवालीच्या कपड्यांना वास! बाहेर बोलू नकोस, बसेल धंदा."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी कागदात गुंडाळलेली चादर डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक डाग तसाच राहू दिला होता.

तपासणीसाठी डॉक्टरीणबाईंनी आतल्या मांसाचा छोटा तुकडा काढला. उत्तर आलं ते योनिमार्गाच्या कॅन्सरचं.

"पण गर्भाशय तर नाही हिला," सासूबाई स्वतःकडे बोट दाखवत म्हणाल्या, जणू दुसऱ्याच कुणाची बाजू मांडत होत्या.

"योनिमार्ग राहतोच ना, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा कॅन्सर क्वचित होतो, जास्त करून उतारवयात. कधी तो ग्रंथींतून सुरू होतो, पण बहुतेकदा आतल्या अस्तरातून. तुमचाही अस्तराचाच आहे. पुष्कळदा मागे एक विषाणू असतो. तो कितीतरी जणींच्या अंगात येतो नि जातो, एखादीच्या मुक्कामाला राहतो. तुमचं काही चुकलं नाही. आपण किरणांचा शेक सुरू करू."

लॉन्ड्रीत सुनेनं सांगून टाकलं, "आईंच्या पोटात गाठ आहे."

"पोटात नाही," सासूबाई टेबलापाशी उभ्या राहून म्हणाल्या. कान लाल झाले होते, तरी थांबल्या नाहीत. "योनीत आहे. पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर माझ्यासारखं धूत बसू नका. दाखवा."

इस्त्रीवालीची इस्त्री एका जागीच थांबली. पाण्याचा नळ तेवढा वाहत राहिला. सुनेला वाटलं, इतक्या वर्षांत आपण या बाईला नुसतं आई म्हणत आलो, ओळखलं आत्ता कुठे.

सकाळी शेकासाठी दोघी बसथांब्यावर पोचल्या, तर इस्त्रीवाली आधीच तिथे उभी होती. स्वच्छ, कडक घडीचे कपडे, मान खाली, छातीशी कागदात गुंडाळलेलं काहीतरी धरलेलं.

सासूबाईंनी काहीच विचारलं नाही. बाकावर जरा सरकल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवरची धूळ पदरानं पुसून घेतली.